एअर रायफलसाठी उच्चदाब कॉम्प्रेसर कसा निवडावा: सीमाभागातील नेमबाजांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेक मुले-मुली अलीकडे दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाकडे वळू लागली आहेत. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून तर पालक अधिक आस्थेने विचारपूस करताना दिसतात. रायफल घेतली जाते, जॅकेट आणि बूट घेतले जातात, आणि त्यानंतर प्रश्न उभा राहतो तो हवेचा. स्पर्धेच्या रायफलीतील सिलिंडर साधारणपणे २०० बारपर्यंत भरावा लागतो (बार हे दाबाचे एकक; आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो). पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्याचा येथे काहीच उपयोग नसतो.

उच्चदाबाचे कॉम्प्रेसर आता ऑनलाइन सहज मिळतात आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ३०० बार हाच आकडा ठळकपणे छापलेला असतो. म्हणूनच त्या आकड्यावरून निवड करता येत नाही. आपल्याकडील जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची हवा लक्षात घेतली, तर यंत्राची पहिली परीक्षा ते किती दाब देते ही नसून ते किती कोरडी हवा देते ही असली पाहिजे. दुसरी परीक्षा आपल्या गरजेइतकी हवा ते न तापता देते का, आणि तिसरी परीक्षा बिघडल्यास त्याचे सुटे भाग मिळतात का. ही सगळी चर्चा फक्त पीसीपी, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकांसाठी आहे. स्प्रिंगच्या किंवा दट्ट्याने प्रत्येक वेळी हवा भरायच्या बंदुकीला कॉम्प्रेसर लागत नाही.

आधी आपली गरज मोजावी

हिशेब सोपा आहे. सिलिंडरचे आकारमान लिटरमध्ये घ्यावे आणि जितके बार वाढवायचे आहेत त्याने गुणावे. जितके लिटर उत्तर येईल, तितकी बाहेरची मोकळी हवा यंत्राला आत कोंबावी लागते. स्पर्धेच्या रायफलीचा सिलिंडर साधारण ०.२ लिटरचा धरला आणि सरावानंतर तो १०० बारवर आला असेल, तर पुन्हा २०० बारवर नेण्यासाठी ०.२ गुणिले १००, म्हणजे अवघी २० लिटर हवा पुरते. अशा एका भरण्यावर दिवसाचा सराव सहज होतो, आणि पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर साठ गोळ्यांचा सामना आधीच्या सरावगोळ्यांसह निभावतो. याचा अर्थ असा की घरात एकच नेमबाज असेल, तर त्याची रोजची गरज फार मोठी नाही. ती लहान यंत्रावर किंवा चांगल्या हातपंपावरही भागू शकते.

चित्र बदलते ते मोठा साठवण सिलिंडर भरायचा ठरवल्यावर. अग्निशामक दलाच्या श्वसनसंचात असतो तसा ६.८ लिटरचा सिलिंडर रिकामा असताना ३०० बारपर्यंत भरायचा म्हटला, तर वरच्या हिशेबाने सुमारे २,०४० लिटर हवा लागते. मिनिटाला ५० लिटर हवा ओढणाऱ्या यंत्राला त्यासाठी सलग चाळीस मिनिटे चालावे लागेल. ज्या लहान यंत्राला दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून थंड व्हावे लागते, त्याच्यावर हे काम लादणे म्हणजे ते यंत्र मोडीत काढणे होय. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो असा, की हे यंत्र सलग किती मिनिटे चालवावे असे उत्पादकाने लिहून दिले आहे. या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर मोठ्या सिलिंडरसाठी ते यंत्र घेऊ नये.

या हिशेबाला दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली उंचीची. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब कारवारच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात तितकीच जागा भरतो, पण त्या जागेत हवा थोडी कमी येते. त्यामुळे माहितीपत्रकात दहा मिनिटे लिहिलेल्या कामाला येथे अकरा मिनिटे लागली, तर यंत्र खराब आहे असे समजू नये. दुसरी दुरुस्ती अशी, की ३०० बारच्या आसपास हवा वरच्या साध्या गुणाकाराच्या नियमाने दबत नाही. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये हवा सुमारे दहा टक्क्यांनी कमी मावते. साठवण सिलिंडर ३०० वरून २०० बारवर येईपर्यंत रायफल किती वेळा पूर्ण भरता येईल याचा अंदाज बांधताना हे विशेष जाणवते. ६.८ लिटरच्या सिलिंडरमधून १०० वरून २०० बारपर्यंत चौतीस भरणी व्हावीत असे कागदावर दिसते, पण पंचविसेक धरून चालावे.

यंत्रांचे प्रकार

हातपंप हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. मोठ्या माणसाला तो झेपतो, मात्र शेवटचे चाळीस-पन्नास बार जड जातात आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते काम देऊ नये. पंपात हवा हळूहळू भरते, यंत्राइतकी तापत नाही आणि विजेचा प्रश्न येत नाही, हे त्याचे गुण होत. खानापूर तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या आणि आठवड्यातून तीन-चार वेळा सराव करणाऱ्या नेमबाजाने कॉम्प्रेसरवर पैसे घालण्याआधी चांगल्या हातपंपाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार म्हणजे मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर किंवा अॅडॉप्टरने घरच्या विजेवर चालणारे छोटे यंत्र. ते पिशवीत मावते आणि स्पर्धेच्या ठिकाणी नेता येते. रायफल किंवा पिस्तुलाचा छोटा सिलिंडर भरणे एवढेच त्याचे काम आहे. हे यंत्र २५० ते ३०० वॉट खेचत असेल, तर बॅटरीतून वीस-पंचवीस अँपिअर प्रवाह जातो. गाडीतील लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा त्याआधीच उडतो, म्हणून चिमटे थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावावेत.

तिसरा प्रकार सध्या सर्वाधिक विकला जातो. दोन टप्प्यांचा, तेलावर चालणारा, सुमारे १.८ किलोवॉटचा आणि बादलीतील पाणी छोट्या पंपाने फिरवून थंड ठेवला जाणारा हा कॉम्प्रेसर असतो. त्यावर रायफल काही मिनिटांत भरते आणि देखरेख ठेवली तर लहान साठवण सिलिंडरही भरता येतो. चौथा प्रकार पाणबुड्यांसाठी आणि अग्निशमनासाठी श्वसनयोग्य हवा भरणाऱ्या तीन किंवा चार टप्प्यांच्या यंत्रांचा. पहिल्या तीन प्रकारांचा हिशेब हजारांत होतो, चौथ्याचा लाखांत. एकट्या कुटुंबाने चौथ्या प्रकाराकडे जाण्याचे कारण नाही. मात्र आठ-दहा नेमबाजांनी मिळून किंवा एखाद्या सराव केंद्राने घ्यायचे असेल, तर तोच शेवटी स्वस्त पडतो, कारण तो रोज तासभर चालण्यासाठीच बनवलेला असतो.

टप्प्यांच्या संख्येला एवढे महत्त्व का, हे समजून घ्यावे. हवा दाबली की ती तापते. बाहेरची हवा एकाच दमात ३०० बारपर्यंत दाबली आणि वाटेत जराही उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. हेच काम दोन समान टप्प्यांत, मध्ये हवा थंड करून घेत केले, तर प्रत्येक टप्प्याअखेर ते सुमारे ४०० अंशांवर येते. तीन टप्प्यांत सुमारे २४० आणि चार टप्प्यांत सुमारे १८० अंशांवर. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषतात म्हणून आकडे याहून कमी राहतात, परंतु प्रमाण हेच राहते. दोन टप्प्यांच्या यंत्रातील रिंगा आणि तेल लवकर का थकतात आणि ते यंत्र सलग का चालवू नये, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे स्वतःचे वर्कशॉप आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. वर्कशॉपमधील आठ बारच्या हवेवर चालणारा बूस्टर पंप तीच हवा दाबून २०० ते ३०० बारपर्यंत नेतो. कारखान्याच्या लाइनवर ड्रायर आधीपासून बसवलेला असेल, तर बूस्टरला मिळणारी हवा बरीच कोरडी असते आणि हा पर्याय फार चांगला ठरतो. ड्रायर नसेल, तर मात्र टाकीच्या तळाशी साठलेले पाणी थेट बूस्टरमध्ये जाईल.

पावसाळा आणि कोरडी हवा

या मुद्द्यावर मी मुद्दाम जास्त लिहीत आहे, कारण आपल्या भागात यंत्रे आणि रायफली खराब होतात त्या मुख्यतः पाण्यामुळे.

जुलै महिन्यात बेळगावची हवा चोवीस-पंचवीस अंशांची आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची असते. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. जांबोटी, कणकुंबीकडे तर सकाळ-संध्याकाळ धुकेच असते. ६.८ लिटरचा सिलिंडर भरण्यासाठी दोन घनमीटर हवा लागते, म्हणजे यंत्र आपल्याही नकळत ४० मिलिलिटरच्या आसपास पाणी ओढून घेते. रायफलच्या छोट्या सिलिंडरच्या एका भरण्यातही हिशेबाने सात-आठ थेंब येतात. यातले पाणी वेगळे काढले गेले नाही, तर ते आतच राहते. पोलादी सिलिंडरला आतून गंज चढतो, अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, आणि हे कण रेग्युलेटरच्या, म्हणजे प्रत्येक गोळीला सारखाच दाब देणाऱ्या भागाच्या, बारीक वाटेत जाऊन बसतात. मग मुलाचे छर्रे कधी वर तर कधी खाली जाऊ लागतात आणि दोष त्याच्या श्वासावर किंवा ट्रिगरवर लावला जातो.

दाब वाढला की हवेतली वाफ पाणी बनून खाली बसते, आणि ते पाणी विलगक नावाच्या नळकांड्यात जमा होते. हे काम कितपत होते, ते त्या नळकांड्यातील हवेच्या तापमानावर ठरते. तेथील हवा ३० अंशांवर असेल, तर प्रत्येक घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम वाफ पुढे निसटते; तीच ६० अंशांवर असेल तर सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक. ही वाफ पुढे रायफलच्या थंड सिलिंडरमध्ये जाते आणि तेथे पाणी होते. म्हणून चांगले थंड राहणारे यंत्र हेच कोरडी हवा देणारे यंत्र असते, आणि फिल्टर नेहमी हवा थंड झाल्यानंतरच्या जागी, शक्य तर यंत्रापासून हात-दीड हात लांब नळीवर बसवलेला असावा. तापलेल्या डोक्याला चिकटवलेला चिमुकला फिल्टर पाहिला, तर तो केवळ नावापुरता आहे असे समजावे.

फिल्टरच्या आत काय भरले आहे तेही विचारावे. नुसत्या कापसाच्या बोळ्याने तेलाचे शिंतोडे अडतात, वाफ अडत नाही. वाफेसाठी मॉलिक्युलर सीव्ह नावाचे पांढरट मणी लागतात आणि तेलाच्या वासासाठी सक्रिय कोळसा. रंग बदलणारी सिलिका जेल सोबत असेल तर मणी केव्हा बदलायचे ते डोळ्यांनी दिसते. मॉलिक्युलर सीव्हचे मणी उघड्या हवेत ठेवले की पावसाळ्यात लवकर निकामी होतात, म्हणून ते हवाबंद बरणीत ठेवावेत आणि बदलण्याच्या क्षणीच बाहेर काढावेत. यंत्राच्या किमतीतून थोडे पैसे वाचवून मोठा बाह्य फिल्टर घेणे हा आपल्या भागात केव्हाही शहाणपणाचा व्यवहार आहे. दोन यंत्रांत निवड अडली असेल, तर कमी क्षमतेचे पण मोठ्या फिल्टरचे यंत्र घ्यावे.

पाणी सोडण्याची झडप हाताने उघडायची असते. दमट दिवसांत ती दर तीन ते पाच मिनिटांनी उघडावी, कोरड्या उन्हाळ्यात थोड्या जास्त अंतराने चालेल. खरेदीच्या वेळी ही एक परीक्षा अवश्य करून पाहावी. यंत्र दहा मिनिटे चालवून झडपेसमोर थोड्या अंतरावर पांढरे सुती कापड दोरीने बांधून धरावे आणि झडप किंचित उघडावी. आधी फुस्स आवाजाबरोबर ताकासारखा पांढरट फवारा येतो; ते पाणी आणि तेल यांचे मिश्रण असते आणि तेथे ते येणे योग्यच आहे. मग दुसरे कोरडे कापड तसेच बांधून फिल्टरनंतरच्या भरण्याच्या नळीसमोर धरावे. तेथे कापडावर ओल किंवा पिवळसर डाग दिसता कामा नये. डाग दिसला, तर यंत्राचा दाब कितीही असो, ते घेऊ नये. हा सगळा प्रयोग करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि बोट किंवा तळहात कधीही हवेच्या झोतासमोर आणू नये, कारण या दाबाची हवा कातडी भेदून आत शिरते.

कॉम्प्रेसर कोठे ठेवावा यावरही बरेच अवलंबून आहे. गोठ्याशेजारची पडवी किंवा न्हाणीघराजवळची जागा टाळावी. पाऊस कोसळत असताना भरण्याऐवजी उघडीप मिळालेल्या दुपारी भरावे. निपाणी-चिकोडीकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवेत पावसाळ्याच्या जवळजवळ निम्मेच पाणी असते. साठवण सिलिंडर असेल तर तो मेअखेर भरून ठेवणे सोयीचे जाते. कारवारच्या नेमबाजांना मात्र ही सवलत नाही. तेथील समुद्राची हवा वर्षभर दमट आणि खारट असते, म्हणून त्यांनी फिल्टरचे मणी आणि बाहेरचे नट-बोल्ट दोन्हींकडे अधिक लक्ष द्यावे.

वीज आणि पाणी

१.८ किलोवॉटची मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पटींनी जास्त प्रवाह खेचते. त्यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, नीट जोडलेले अर्थिंग आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असावी. पंख्याच्या साध्या एक्स्टेंशन बोर्डवर हे यंत्र लावू नये. शेतातल्या घरी रात्री दिवे मंद होतात, म्हणजे व्होल्टेज उतरलेले असते. अशा वेळी मोटर गुरगुरते, फिरत नाही, आणि वेटोळे जळते. तेथे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर हवा, नाहीतर १२ व्होल्टचे यंत्र बरे. यंत्र नेहमी दाब सोडलेल्या स्थितीत, म्हणजे पाणी सोडण्याच्या झडपा उघड्या ठेवून सुरू करावे आणि मोटरने वेग घेतल्यावर झडपा बंद कराव्यात. मध्येच वीज गेली, तर आधी झडपा उघडून दाब उतरवावा. दाब तसाच राहिला आणि वीज परत आली तर मोटरला भाराखाली सुरू व्हावे लागते.

पाण्याने थंड होणाऱ्या यंत्रासाठी बोअरवेलचे पाणी वापरू नये. अथणी-चिकोडी भागात ते क्षारयुक्त असते आणि गिझरमध्ये साठतो तसा क्षार कॉम्प्रेसरच्या डोक्यातील बारीक वाटांत साठतो, जेथे तो दिसतही नाही. बॅटरीचे शुद्ध पाणी किंवा गाडीतील कूलंट मिसळलेले पाणी वापरावे, बादली किमान पंधरा-वीस लिटरची घ्यावी, आणि परत येणारे पाणी हाताला सोसवत नसेल इतके गरम झाले की यंत्र थांबवावे.

सुरक्षितता आणि कायदा

६.८ लिटरच्या ३०० बारच्या सिलिंडरमध्ये अचानक मोकळी होऊ शकेल अशी सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. एक टनाची मोटार चाळीस मीटर उंचीवरून खाली पडावी, तितकी ही ऊर्जा आहे. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या सूचना जाचक वाटणार नाहीत.

बेळगावात लेथ मशीन चालवणारे कुशल कारागीर गल्लोगल्ली आहेत, आणि भरण्याची नळी रायफलला जोडणाऱ्या, हरवलेल्या अॅडॉप्टरची नक्कल ते तासाभरात करून देतील. तरीही ती करून घेऊ नये. कोणत्या धातूचा तुकडा आहे, आटे किती खोल आहेत, त्यावर चाचणी झाली आहे का, यांपैकी काहीच त्या नकलेवर लिहिलेले नसते. रायफल बनवणाऱ्या कंपनीचाच अॅडॉप्टर मागवावा. ओ-रिंगांची गोष्ट वेगळी आहे. हायड्रॉलिक सीलच्या दुकानात ९० शोअर कडकपणाच्या योग्य मापाच्या ओ-रिंग मिळतात आणि त्या चालतात. परंतु हायड्रॉलिक तेलासाठी बनवलेली नळी हवेसाठी वापरू नये. भरण्याची नळी उच्चदाब वायूसाठी प्रमाणित असावी आणि तिच्यावर दाबाचा आकडा छापलेला असावा.

गॅस कटिंगचा ऑक्सिजन सिलिंडर वर्कशॉपमध्ये हाताशी असतो आणि त्यात दाबही असतो. तो कोणत्याही कारणाने रायफलला जोडू नये. उच्चदाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा एखादा थेंब एकत्र आले तर स्फोट होतो. याच कारणाने बंदुकीच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा ओ-रिंगला साधे ग्रीस आणि इंजिन ऑइल न लावता शुद्ध सिलिकॉन ग्रीसच लावावे. कॉम्प्रेसरमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घालावे.

यंत्रावर सुरक्षा चकती, म्हणजे बर्स्ट डिस्क, असलीच पाहिजे. ती ठरलेल्या दाबाला फाटते आणि यंत्र वाचवते. ती वारंवार फाटते म्हणून तिच्या जागी जाड पत्र्याचा तुकडा बसवणारे लोक असतात. असे यंत्र सेकंडहँड मिळत असेल, तर घेऊ नये. दाबाचे गेज बार, पीएसआय किंवा मेगापास्कल या तिन्हींपैकी कशातही असू शकते. एक मेगापास्कल म्हणजे दहा बार आणि एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. मेगापास्कलच्या गेजवर २० हा आकडा म्हणजे २०० बार, त्यामुळे काटा ३० वर गेला तर २०० बारच्या सिलिंडरची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. स्वयंचलित बंद होण्याची सोय असली तरी भरताना मोठ्या माणसाने शेजारी थांबावे.

स्पर्धेच्या रायफलच्या सिलिंडरवर त्याच्या निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि उत्पादक बहुधा दहा वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी खेळाडूवर असते. जुनी रायफल घेताना ही तारीख आधी पाहावी. मोठ्या साठवण सिलिंडरना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. संस्थेने मान्य केलेला आणि हायड्रो चाचणीची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या चाचणीची, तारीख कोरलेला सिलिंडरच घ्यावा. सिलिंडर भरण्यासाठीही या नियमांत परवान्याची तरतूद आहे, म्हणून इतरांचे सिलिंडर भरून देण्याचा विचार असलेल्या सराव केंद्राने खरेदीआधीच त्याची पूर्तता समजून घ्यावी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंत व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवान्यातून सवलत आहे. कॉम्प्रेसर जोरकस मिळाला म्हणून बंदुकीची ताकद वाढवून घेण्याच्या नादी लागू नये. खानापूरजवळच भीमगड अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पक्ष्यावर वा प्राण्यावर नेम धरणे हा गुन्हा आहे आणि ही सारी सामग्री केवळ कागदी लक्ष्यासाठी आहे.

घरी आणल्यावर

बिल देण्याआधी सुट्या भागांची एक पिशवी सोबत मागून घ्यावी: दोन-तीन बर्स्ट डिस्क, दोन्ही टप्प्यांच्या पिस्टन रिंगा, ओ-रिंगांचा संच, फिल्टरचे मणी. हे भाग दुकानात आज नसतील तर पुढच्या पावसाळ्यातही नसतील असे गृहीत धरावे. त्याचबरोबर भरण्याची टोके आपल्या रायफलीशी जुळतात का ते प्रत्यक्ष लावून पाहावे.

पहिले काही तास यंत्र पूर्ण दाबावर नेऊ नये. आधी झडपा उघड्या ठेवून थोडा वेळ, मग शंभर-दीडशे बारपर्यंत आणि त्यानंतर पूर्ण दाबापर्यंत, अशी रिंगांना बसायला सवड द्यावी. सुरुवातीचे तेल काळसर होते आणि त्यात धातूची बारीक चमक दिसते, म्हणून ते उत्पादकाने सांगितलेल्या तासांनंतर न चुकता बदलावे. रायफल हळू भरावी. घाईने भरलेला सिलिंडर तापतो आणि गेजवर २०० दिसले तरी थंड झाल्यावर काटा बराच खाली येतो. भरून झाल्यावर जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, नळीतला दाब सोडूनच अॅडॉप्टर काढावा, आणि यंत्राशेजारी टांगलेल्या वहीत तारीख, चाललेली मिनिटे, तेल बदलल्याची आणि मणी बदलल्याची नोंद करावी. अनेक कुटुंबांनी मिळून यंत्र घेतले असेल, तर मणी बदलण्याचे काम कोणाकडे आहे ते त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.